साहेबांची गाडी फसू नये म्हणून

तालुक्याच्या शेतकरी सल्लागार समितीवर माझी निवड झाली, तेव्हा गावानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला होता. श्रीफळाची चटणी झाली, शाल कपाटात आहे. कडाक्याच्या थंडीतही ती काढावीशी वाटत नाही. समितीवर एक महिला शेतकरी लागतेच. आमच्या भागात बारावी झालेली, स्वतः वावरात राबणारी आणि साहेबासमोर तोंड उघडणारी बाई म्हणून माझं नाव पुढं आलं. तोंड उघडण्याची माझी ख्याती लग्नापासूनची. सासरच्यांना तिचा जाच व्हायचा, समितीला ती शोभेची वाटली असावी.

बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायची रीत आहे, म्हणजे सभासदांचा एका खेट्यात बाजारही होतो. त्यामुळे प्रत्येकाच्या खुर्चीखाली एक पिशवी असते आणि सभागृहात कोथिंबिरीचा वास सुटलेला असतो. विषयपत्रिका छापील असते. पहिला विषय रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. त्यावर सगळे बोलतात, कारण सगळ्यांचंच खाल्लेलं असतं. मग बोंडअळी, मग खताच्या पोत्यासोबत नको ती बाटली गळ्यात मारणारे दुकानदार, मग पीकविमा. सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आमच्या पांदण रस्त्याचा विषय दर पावसाळ्यात ऐनवेळचाच. आणि ती ऐनवेळ आली की दारातून आलुबोंड्यांचं ताट येतं.

समितीच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंचं वावर डांबरी रस्त्याला लागून आहे. त्यांच्या पऱ्हाटीतून कापसाचं ओझं उचललं की थेट गाडीत पडतं. ते वाईट नाहीत, पण चिखल त्यांना ऐकून माहीत. मी पांदणीचं नाव काढलं की ते आलुबोंडा हातात धरून म्हणायचे, “ताई, तुमचा विषय महत्त्वाचा आहे. म्हणूनच घाईघाईत नको.” मी घरी येईपर्यंत धुमसत राहायची आणि मग तो राग भांड्यांवर निघायचा.

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी गाडीवाट. आमची पांदण डांबरी रस्त्यावरून निघते, एका खोलगट भागातून जाते, माझ्या वावरावरून पुढं होते आणि मामीच्या वावरात संपते. काळी कसदार जमीन, पिकाला सोन्यासारखी आणि वाटेला वैरीण. दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत सरकवतात, म्हणून पांदण आकसत चाललेली. पावसाळ्यात त्या खोलगट भागात गुडघाभर चिखल होतो आणि तिथून बैलबंडीसुद्धा जात नाही.

मामी माझी नात्यातली नाही. सगळं गावच तिला मामी म्हणतं. साठी कधीच ओलांडली, अंगानं काटकी, आवाज मात्र दोन वावरं पलीकडे जाणारा. मामाचे गुडघे गेले. ते ओसरीवर बसून दोर वळतात, वावर मामी पाहते. मामी सोयाबीनचं बियाणं दुकानातून आणत नाही. वर्षानुवर्षं घरचंच धरते. वावरातलं चांगलं झाड पाहून त्याला चिंधी बांधते, ते वेगळं काढते, वाळवते, कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. उन्हाळ्याच्या शेवटी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून कितींना कोंब आले ते मोजते. गावातली अर्धी सोयाबीन तिच्या बियाण्याची आहे. दुकानातलं बियाणं उगवलं नाही म्हणून लोकांनी कपाळावर हात मारले, त्या वर्षीसुद्धा मामीचं प्रत्येक तास भरून उगवलं होतं.

उन्हाळ्यातल्या बैठकीत साहेबांनी घरच्या बियाण्याचं महत्त्व सांगितलं. साहेब म्हणजे तालुक्याचे कृषी अधिकारी, तरुण, नम्र, बदलून आलेले. सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचे. मी उठून मामीची गोष्ट सांगितली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत मी म्हणाले, “साहेब, बियाणं चांगलं आहे, पण ते वावरातून घरी आणायला वाट नाही. बियाण्याची सोयाबीन हळू मळावी लागते, जोरात मळली तर दाणा आतून फुटतो. आणि भारे वाहून आणले तर शेंगा वाटेतच तडकतात, म्हणून यंत्रच वावरात न्यावं लागतं. पावसाळा लांबला की यंत्र जात नाही. एक वर्ष गंजी भिजली तर हे बियाणं संपलं.” साहेब म्हणाले, “मी स्वतः येऊन पाहणी करतो.” त्या दिवशी मी बाजारात एक किलो जिलेबी घेतली. आधी मामीच्या घरी गेले, मग माझ्या.

पाहणी श्रावणात ठरली. पावसानं उघाड दिली होती. आणि इथं आम्ही जी चूक केली, ती आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. पहिलं वाक्य कोण बोललं ते मला पक्कं आठवतं, कारण ते मीच बोलले. मारुतीच्या पारावर चार माणसं बसली होती. मी म्हणाले, “सायेबाची गाडी खोलगटात फसली तं आपल्या गावाची काय इज्जत राहीन?”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस माणसं पांदणीत. कुणी मुरूम आणला, कुणी दगड. घराघरांत सरपणाला रचून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या आणून खोलगट भागात आडव्या अंथरल्या, वर दगड, वर मुरूम, वर पाणी मारून बैल फिरवले. बाभळीच्या फांद्या छाटल्या. नांगराची तासं आत सरकवणारे दोघं तर सगळ्यात पुढं होते. मामी डोक्यावर घमेलं घेऊन पोरीसारखी पळत होती. मी साडीचा काचा मारून सगळ्यांना हुकूम सोडत होते. आपण कशावर मुरूम टाकतो आहोत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाहुणा येणार, तर अंगण सारवायचं, एवढंच आम्हाला कळतं.

साहेबांची जीप आली ती लग्नाच्या वरातीसारखी डुलत थेट मामीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत गेली. साहेब उतरले, बुटाला माती लागली नाही. त्यांनी चिंधी बांधलेली झाडं पाहिली, शेंगा मोजल्या, मामीला नमस्कार केला. मग आंब्याच्या झाडाखाली पंगत बसली. मामीनं पहाटेच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले होते. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. साहेबांनी तीन रोडगे खाल्ले. मामी तुपाची वाटी घेऊन त्यांच्या मागे लागली होती, “घ्या बाप्पा, घ्या, तुमच्या वयाले पचते.”

हात धुतल्यावर साहेबांनी पंचनामा लिहिला आणि माझ्यापुढं धरला. मी न वाचता सही करणारी बाई नाही. वाचला. ‘आज रोजी समक्ष पाहणी केली असता शासकीय वाहन विनाअडथळा शेतापर्यंत पोहोचले. रस्ता वाहतुकीस योग्य आहे.’

मी म्हणाले, “साहेब, हे आम्ही परवा भरलं. तुम्ही येणार म्हणून.”

साहेबांना मनापासून आनंद झाला. “मग तर फारच चांगलं, ताई! हाच तर लोकसहभाग.” त्यांनी कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘ग्रामस्थांनी लोकसहभागातून रस्त्याची दुरुस्ती केली आहे.’

मी दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. ज्या कागदात खोटं काही नाही, त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला त्या घडीला सुचलं नाही. वीस माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मामी तुपाची वाटी हातात घेऊन उभी होती. मी सही केली. माझी सही चांगली आहे, वळणदार, शाळेत त्यावर बक्षीस मिळालं होतं.

पुढच्या बैठकीत पांदणीच्या विषयापुढं ‘निकाली’ असं लिहून आलं. मी उभी राहिले, आवाज चढवला, पहिल्या जोरदार सरीत तो मुरूम वाहून गेला हे सांगितलं. खरंच गेला होता. पऱ्हाट्या सडल्या, दगड चिखलानं गिळले, आणि आता बैलाचा पाय दोन दगडांत अडकायची नवी भीती झाली होती. भाऊंनी रजिस्टरमध्ये लावलेला पंचनामा माझ्याकडे वळवला आणि सहीवर बोट ठेवलं. “तुमचीच आहे ना, ताई?” आलुबोंड्यांचं ताट आलं. मी खाल्ला नाही. पण माझ्या न खाण्याचा कुणाला काही फरक पडला नाही, माझा आलुबोंडा शेजारच्या सभासदानं खाल्ला.

सोयाबीन काढणीला आली, तेव्हाही पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दोन दिवस ऊन, चार दिवस सर. मामीनं बियाण्याची सोयाबीन कापून वावरातच गंजी लावली, वर ताडपत्री टाकली. मळायला हडंबा हवा होता. मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. कळंबकडून एक चाचा दरवर्षी त्यांचा हडंबा ट्रॅक्टरला लावून आणतात. मूळचे मेकॅनिक, यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारे. मामीची सोयाबीन मळताना ते न सांगता यंत्राचा वेग कमी करतात.

त्या दिवशी चाचा पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टरवरून उतरले. बाभळीची एक काठी तोडून खोलगट भागापर्यंत चालत गेले आणि काठी चिखलात खुपसली. ती खाली गेली आणि जातच राहिली.

“ताई, मशीन घुसन बराबर,” चाचा म्हणाले, “पन निकालनार कोन? एक बार फसली तं दिवाळी इथंच होईन माझी.”

“चाचा, गंजी भिजली तं बियाणं जाईन.”

“मले मालूम हाये ना. असं करा, माल रस्त्यावर आना. दो दिन रुकतो मी. बाकी गावं बोंबलतीन तं बोंबलू द्या.”

चाचा थांबले, हे मी विसरणार नाही. आम्ही सहा बायकांनी सोयाबीनचे भारे डोक्यावर घेऊन चिखलातून वाहायला सुरुवात केली. वाळलेली सोयाबीन डोक्यावर हिंदकळली की शेंगा तडकतात आणि दाणे खाली पडतात. पायाखाली चिखल, चिखलात मामीचं बियाणं. एका खेपेला मी दगडात पाय अडकून पडले. तो दगड श्रावणात मीच टाकायला लावला होता. चिखलात बसल्या बसल्या मी समितीला, साहेबांना, भाऊंना आणि सगळ्यात जास्त स्वतःला अशा काही शिव्या घातल्या की बाकीच्या बायका हसून हसून भारे खाली टेकवायला लागल्या. दिवस मावळेपर्यंत एक पोतंभर मळून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाटलं ते तीन दिवस.

चौथ्या दिवशी मामीनं ताडपत्री उचलली तेव्हा मी तिच्या शेजारी होते. आतून गरम वाफ आली, आंबूस. मामीनं हात घातला आणि मूठ बाहेर काढली. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. तिनं मूठ माझ्यासमोर उघडली.

“पाह्य वं,” ती म्हणाली, “उगवण कशी चांगली हाये.”

मला रडू आलं आणि रागही, आणि दोन्हींत राग मोठा होता. वाचलं ते एक पोतं. पुढच्या हंगामाला मामी ते पेरणार आणि गावाला एक दाणाही देऊ शकणार नाही. आणि पुढच्या काढणीच्या आत वाट झाली नाही, तर त्या पोत्याचंही हेच होणार. मामीच्या हातात आता एकच संधी उरली होती.

बाजाराच्या दिवशी मी तो कोंब आलेला वास मारणारा माल पिशवीत घालून नेला आणि विषय क्रमांक एकच्या आधीच अध्यक्षांच्या टेबलावर ओतला. शिपायाला वाटलं नाश्त्याला उसळ आली, तो ताटल्या आणायला वळला. मी म्हणाले, “हे तुमचं निकाली निघालेलं.” भाऊ पहिल्यांदाच घाईघाईत बोलले, “साहेब, पुन्हा पाहणी लावा.” साहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “या आठवड्यातच येतो, ताई. रस्त्याअभावी बियाणं गेलं, असं स्पष्ट लिहू.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही वाटतं, त्यांच्या मनात तसंच होतं.

या वेळी मी गावाला दम भरला. कुणी मुरमाच्या एका खड्याला हात लावायचा नाही. पाहणीच्या दिवशी उजाडताच मी धुऱ्यावर जाऊन बसले, चिखलाची राखण करायला. लोक पिकाची राखण करतात, मी चिखलाची करत होते. तास दीड तास बरा गेला. मग मागून मुरूम पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर मामी. डोक्यावरचं घमेलं तिनं नुकतंच खोलगटात रिकामं केलं होतं.

“मामी! काय करून राह्यली?”

“थोडंसंच टाकलं वं. सायेब कोनाचं तरी लेकरू हाये. भर रस्त्यात फसलं तं काय म्हनन आपल्याले?”

“फसू दे! फसाले पायजे! त्यासाठीच बोलावलं त्याले!”

मामीला ते पटलं नाही, पण माझा अवतार पाहून तिनं घमेलं उपडं ठेवलं आणि त्यावर बसली. मी वाकून तिचा मुरूम हातानं बाजूला केला. असं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

जीप आली आणि खोलगटात शिरताच फसली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखल काचेवर उडाला. मला जो आनंद झाला तो सांगायलाही लाज वाटते. मी धुऱ्यावरून ओरडले, “उतरा साहेब! इथून पायी दहा मिनिटं. गंजी दाखवते तुम्हाला. आम्ही रोज जातो.” साहेबांनी दार उघडलं. खाली पाहिलं. पाय बाहेर काढला, कुठं ठेवावा ते शोधलं, आणि पुन्हा आत घेतला. ड्रायव्हरनं अजून जोर लावला, जीप आणखी रुतली. मी मनात म्हणत होते, बसू दे, अर्धा तास बसू दे, मग उतरतीलच. उतरण्यावाचून इलाज नव्हता. फक्त कुणी मध्ये पडायला नको होतं.

मागून घंट्यांचा आवाज आला. मामी घमेल्यावरून कधी उठून गेली ते मला कळलंच नव्हतं; ती बैलजोडी आणि मामांनी वळलेला जाड दोर घेऊन येत होती.

मी तिच्या आडवी उभी राहिले. “मामी, बैल नको आणू. तुह्या पाया पडते.”

“सरक वं,” ती म्हणाली, आणि मला खरोखर बाजूला सारलं. “पाव्हना आपल्या पांदणीत फसून राह्यला अन् मी पाहात बसू? असं कधी केलं का आपन?”

दोर बांधला गेला. बैलांनी दोन झटक्यांत जीप मागं ओढून डांबरी रस्त्यावर आणली. त्यांना त्याची सवय होती, आमच्या बंड्या त्यांनी अशाच काढल्या होत्या. साहेब खाली उतरले, कोरड्या डांबरावर. मामीला हात जोडले. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. मी म्हणाले, “साहेब, आता चला ना पायी.” ते म्हणाले, “ताई, दोन वाजता दुसरीकडे बैठक आहे. पण काळजी करू नका, जे घडलं ते लिहितो.”

जे घडलं तेच त्यांनी लिहिलं. कागद माझ्या हातात दिला. मामी जवळ आली, पदरानं हात पुसत. तिला वाचता येत नाही. “काय लिहिलं वं? वाचून दाखव.”

मी वाचलं. “‘रस्ता अत्यंत खराब असल्याने शासकीय वाहन स्थळापर्यंत पोहोचू शकले नाही. सबब, पाहणी होऊ शकली नाही. रस्ता सुकल्यानंतर पुढील तारीख ठरविण्यात यावी.’”

रस्ता सुकल्यानंतर. म्हणजे उन्हाळ्यात. उन्हाळ्यात आमच्या पांदणीवरून सायकलसुद्धा पळते.

साहेबांनी पेन पुढं केलं. याही वेळी एकही शब्द खोटा नव्हता. माझे हात मुरमानं आणि चिखलानं भरलेले होते.

मामीचा चेहरा मात्र उजळला होता. तिनं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “रस्ता खराब हाये असं लिहिलं ना त्यायनं? खरंच लिहिलं ना? मंग झालं तं. आता होईन आपली पांदण.” ती वाकून बैलांच्या पायाचा चिखल हातानं काढायला लागली. “दे, सही करून दे लवकर. उशीर होते त्यायले.”